करपा एक, नावं चार: बुरशींच्या नामकरणाची पार्श्वभूमी

रावेर-यावल पट्ट्यात पावसाळा सरत आला की केळीच्या खालच्या पानांवर बारीक पिवळसर रेघा दिसू लागतात. पुढे त्या तपकिरी होतात, मधला भाग राखाडी पडून वाळतो आणि भोवती पिवळी कड राहते. शेतकरी याला करपा म्हणतो, कृषी सेवा केंद्रवाला सिगाटोका. शास्त्रीय नाव मात्र जुन्या माहितीपत्रकात ‘मायकोस्फेरेला म्युझिकोला’ असतं आणि नव्या पुस्तकात ‘स्युडोसर्कोस्पोरा म्युझी’. कृषीची पोरं इथे हमखास अडखळतात. रोग एकच आहे आणि बुरशीही एकच.

या दुहेरी नावांची सुरुवात एकोणिसाव्या शतकात झाली. फ्रान्समधल्या त्युलान बंधूंनी दाखवून दिलं की एकाच बुरशीला दोन-तीन तऱ्हेचे बीजाणू येऊ शकतात, काही लैंगिक, काही अलैंगिक, आणि त्यांचे आकार एकमेकांशी जराही जुळत नाहीत. करप्याचंच पाहा. पानावरच्या ठिपक्यांत लांब, दोऱ्यासारखे अलैंगिक बीजाणू तयार होतात. वाळून खोडाला लोंबणाऱ्या पानात दोन पेशींचे लैंगिक बीजाणू सापडतात. ज्याला जे आधी दिसलं, त्याने त्याला नाव दिलं. इटलीतल्या पादुआ इथे सक्कार्डो यांनी १८८२ पासून जगभरच्या बुरशींची जंत्री छापायला घेतली. त्यांनी गट पाडले ते बीजाणूंचा रंग, आकार आणि पेशींच्या संख्येवरून. शोधायला ही पद्धत फार सोयीची होती, पण नातं त्यातून कळत नव्हतं. १९१० च्या ब्रुसेल्स वनस्पतिशास्त्र परिषदेने दोन अवस्थांना दोन नावं नियमातच बसवली आणि हा घोळ शंभर वर्षं चालला.

केळीच्या करप्याला १९०२ मध्ये जावा बेटावर झिमरमन यांनी ‘सर्कोस्पोरा म्युझी’ म्हटलं. १९१२ च्या सुमारास फिजीतल्या सिगाटोका खोऱ्यात त्याने बागा झोडपल्या आणि त्या खोऱ्याचं नाव रोगाला कायमचं चिकटलं. १९४१ मध्ये जमैकात लीच यांना लैंगिक अवस्था मिळाली, तेव्हा ‘मायकोस्फेरेला म्युझिकोला’ आलं. १९७६ मध्ये डाइटन यांनी अलैंगिक नाव ‘स्युडोसर्कोस्पोरा’त हलवलं. दरम्यान १९६३ मध्ये फिजीतच याहून काळा आणि याहून जहाल करपा दिसला होता. त्याची बुरशी वेगळी निघाली, ‘फिजिएन्सिस’. तिच्या बीजाणूच्या बुडाशी जाडसर वण असतो, आधीच्या, म्हणजे पिवळ्या करप्याच्या बीजाणूला तो नसतो. एवढ्याशा वणापायी तिला काही काळ ‘पॅरासर्कोस्पोरा’ हे वेगळं कुळही (जवळच्या जातींचा गट) मिळालं होतं! २००२ मध्ये तिसरी भावकी, ‘युम्युझी’, नोंदली गेली. तिचे नमुने दक्षिण भारत आणि श्रीलंकेतूनही आले होते. पानावरचे डाग पाहून या तिघी ओळखणं जाणकारालाही जड जातं.

१९९० नंतर डीएनए वाचणं आवाक्यात आलं आणि सक्कार्डोंच्या कप्प्यांना तडे गेले. ‘मायकोस्फेरेला’ या एका नावाखाली भलतीसलती कुळं कोंबलेली निघाली. खरी मायकोस्फेरेला ‘रॅम्युलेरिया’ गटाशी जोडली गेली आणि केळीवरच्या तिघी ‘स्युडोसर्कोस्पोरा’त राहिल्या. जुलै २०११ मध्ये मेलबर्नच्या परिषदेने दुहेरी नावांची मुभा काढून घेतली. १ जानेवारी २०१३ पासून एका बुरशीला एकच नाव.

मररोग आणणाऱ्या फ्युझेरियम बुरशीचं भांडण वेगळं आहे आणि मला ते जास्त रंजक वाटतं. लिंक यांनी १८०९ मध्ये हे कुळ स्थापलं. १९३५ मध्ये वोलेनवेबर आणि राइनकिंग यांनी त्यात ६५ जाती मोजल्या. लगेच १९४० च्या दशकात स्नायडर आणि हॅन्सन यांनी कात्री लावून त्या ९ वर आणल्या. मग कपाशीचा मर, हरभऱ्याचा मर, केळीचा पनामा मर हे सगळे एकाच ‘फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम’चे प्रकार ठरले. सूक्ष्मदर्शकाखाली ते सारखेच दिसतात, फरक फक्त कोणत्या पिकाला मारतात याचा. तुरीच्या मराचीही तीच गत झाली. बटलर यांनी १९१० मध्ये ‘फ्युझेरियम युडम’ ही स्वतंत्र जात वर्णिली होती, स्नायडर-हॅन्सन यांनी ती ऑक्सिस्पोरममध्ये बुडवली, आणि आज ती पुन्हा स्वतंत्र मानली जाते. बटलरांचं म्हणणंच शेवटी टिकलं.

केळीत याला पैशाचं मोल आहे. पनामा मराच्या पहिल्या वंशाने (उपप्रकाराने) ‘ग्रो मिशेल’ हा निर्यातीचा वाण बुडवला, पण कॅव्हेंडिश वाण त्याला बळी पडत नाहीत. आपली जुनी बसराई आणि आताची ग्रँड नैन दोन्ही कॅव्हेंडिशच. चौथा उष्णकटिबंधीय वंश, टीआर-४, मात्र कॅव्हेंडिशलाही सोडत नाही. भारतात तो बिहार आणि उत्तर प्रदेशात आढळला आहे. २०१९ मध्ये काही संशोधकांनी त्याला ‘फ्युझेरियम ओडोराटिसिमम’ ही वेगळी जात ठरवलं. इतरांना ते मान्य नाही, म्हणून अहवालांत दोन्ही नावं भेटतात. नाव कोणतंही असो, तो रोगट कंदातून आणि मातीतून पसरतो. केळीची पावसाळी लागवड म्हणजे मृगबाग असो की हिवाळ्याच्या तोंडावरची कांदेबाग, बाहेरच्या भागातले कंद आणताना याचा विचार आधी करायला हवा.

सगळ्यात मोठी फेरवाटणी बाजरीच्या गोसावी रोगाची झाली. सकाळी पानाच्या खालच्या बाजूला पांढरी लव दिसते, आणि कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांचे झुपके निघतात. संकरित बाजरी आल्यावर १९७१ मध्ये या रोगाने देशभर पीक लुटलं. त्याचा कर्ता ‘स्क्लेरोस्पोरा ग्रॅमिनिकोला’ सगळ्या जुन्या पुस्तकांत बुरशी म्हणूनच आहे. पण त्याच्या पेशीभित्तीत सेल्युलोज असतं, बुरशीत काइटिन असतं. त्याचे बीजाणू दोन शेपट्यांनी पाण्यात पोहतात. डीएनएनुसार त्याची सोयरीक तपकिरी शेवाळांशी जुळते, म्हणजे तो खरी बुरशी नाहीच. बटाट्याचा उशिराचा करपाही याच घराण्यातला.

याचा परिणाम थेट फवारणीवर होतो. खऱ्या बुरशीवर चालणारं कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक गोसावीवर वाया जातं, कारण ज्या प्रथिनावर ते घाव घालतं ते इथे वेगळ्या घडणीचं आहे. उलट मेटॅलॅक्झिल हे दुसरं औषध गोसावीला आवरतं, पण केळीच्या करप्याला किंवा कपाशीच्या मराला त्याने काही होत नाही. म्हणून धुळे-नंदुरबारकडे बाजरी पेरताना मेटॅलॅक्झिल ३५ एसडी, किलोभर बियाण्याला ६ ग्रॅम, अशी बीजप्रक्रिया सांगतात.