लगदा शिजला का, हे आधीच सांगणारं मॉडेल

पावसाळ्यात वेर्णा, कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटींत पुठ्ठ्याचे बॉक्स नरम पडतात हे आम्हा गोंयकारांना नवीन नाही, कागद हवेतलं पाणी ओढतोच. पण कागद जिथे बनतो तिथेही सगळी झुंज पाण्याशी आणि वेळेशीच असते, आणि तिथे डेटा काय काम करतो ते मला फार भारी वाटतं.

आपल्याला जवळची मोठी पेपर मिल म्हणजे अनमोड घाट चढून दांडेलीला. अशा मिल्समध्ये निलगिरी, सुबाभूळ, सुरूच्या चिप्स कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात प्रेशरखाली साधारण 160-170 डिग्रीला शिजवतात, म्हणजे तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन विरघळतं. उरलेलं लिग्निन किती ते कप्पा नंबरवरून कळतं. कमी शिजलं तर ब्लीचिंगला केमिकल जास्त लागतं, जास्त शिजलं तर तंतू कमजोर आणि लगदाही कमी. शितावरून भाताची परीक्षा करायची म्हटली तर बंद डायजेस्टरमधून, म्हणजे चिप्स शिजवायच्या त्या प्रेशरच्या भांड्यातून, शीत काढणार कसं? लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत माल पुढे गेलेला असतो.

म्हणून 1957 साली व्रूम या संशोधकांनी एच-फॅक्टर आणला, तापमान आणि वेळ मिळून एकच आकडा. 100 डिग्रीला लिग्निन विरघळण्याचा वेग 1 धरला तर 170 ला तो 900 पटीच्या आसपास जातो, त्यामुळे दोन-चार डिग्री इकडेतिकडे झाली तरी फरक पडतो. पण चिप्स पावसात भिजल्यात की लाकूड बदललंय हे एच-फॅक्टरला कळत नाही. तिथे सॉफ्ट सेन्सर येतो, म्हणजे तापमान, अल्कली (शिजवायला घातलेलं कॉस्टिक सोड्याचं रसायन), चिप्सची ओल, जुने लॅब रिपोर्ट हे सगळं घेऊन कप्पा आधीच सांगणारं मॉडेल, आणि प्रत्येक नव्या रिपोर्टवर ते स्वतःला सुधारत राहतं.

डेटावरून मिल चालवायची कल्पना जुनीच आहे. 1960 च्या दशकात स्वीडनच्या बिलेरुड मिलमध्ये कार्ल योहान ऑस्ट्रॉम या कंट्रोल इंजिनिअरने पेपर मशीनवर कॉम्प्युटर कंट्रोलचं काम केलं. मशीनवर लगदा सोडतात तेव्हा त्यात 99 टक्के पाणी असतं, शेवटचं पाणी वाफेने उडवायचं आणि तेच सगळ्यात महाग. ओलाव्याचे चढउतार कमी झाले की कागद मुद्दाम जास्त कोरडा ठेवावा लागत नाही, मर्यादेच्या जवळ जाता येतं आणि वाफ वाचते.

आता खरी गोम. ऑपरेटर अनुभवी असतो, लाकूड कडक दिसलं की तो अल्कली वाढवतो, तरी कप्पा थोडा जास्तच राहतो. मग मॉडेल डेटातून शिकतं की अल्कली वाढवली की कप्पा वाढतो! एकदम उलटं. वर्षानुवर्षांचा डेटा ओतला तरी हे सुटत नाही, कारण त्यात माणसाचा हात मिसळलेला असतो. माझ्या मते पैसे मोठं मॉडेल घेण्यात घालण्याआधी स्टेप टेस्टवर घालावेत, म्हणजे ऑपरेटरला सांगून, बाकी सगळं तसंच ठेवून, अल्कली ठरवून थोडी बदलायची आणि काय होतं ते नोंदवायचं. थोडा लगदा वर-खाली होईल, पण अल्कलीचा खरा परिणाम तिथेच सापडतो.