क्रिएटिनिन तेवढंच, आजार वेगळा

रक्ताच्या रिपोर्टवर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा एक टाकाऊ पदार्थ, ४.२ आलं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘आता डायलिसिस करावं लागणार का?’ डॉक्टरांचा पहिला प्रश्न वेगळाच असतो: ‘आधीचा एखादा रिपोर्ट आहे का?’ वर्षापूर्वीचा, भलत्याच कारणासाठी काढलेला असला तरी चालतो. कारण ४.२ हा आकडा दोन अगदी वेगळ्या आजारांत येतो. एक म्हणजे मूत्रपिंडाला अचानक झालेली इजा, एकेआय. दुसरा, वर्षानुवर्षं मुरलेला मूत्रपिंडाचा आजार, सीकेडी. पहिल्यात मूत्रपिंड पूर्ववत होऊ शकतं. दुसऱ्यात गेलेलं सहसा परत येत नाही, उरलेलं टिकवायचं असतं.

असं का, ते कळायला मूत्रपिंडाच्या आत डोकावावं लागतं. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण १० लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, असतात. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा ही मुठीएवढी जोडी घेते. नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा गुच्छ असतो, ग्लोमेरुलस. तिथे रक्तातलं पाणी आणि लहान रेणू गाळले जातात. पेशी आणि बहुतेक प्रथिनं मागे राहतात. दिवसभरात असा सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं पुढची लांब नळी रक्तात परत घेते: पाणी, मीठ, साखर, बायकार्बोनेट, ज्याचं त्याचं प्रमाण सांभाळून. मूत्रपिंडाला नुसती चाळणी म्हणणं म्हणूनच मला पटत नाही. गाळणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग आहे.

या नळीच्या पेशींना सतत राबावं लागतं, त्यासाठी भरपूर प्राणवायू लागतो, आणि मूत्रपिंडाच्या आतल्या भागात तो मुळातच कमी पोचतो. त्यामुळे रक्तदाब कोसळला, जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडं पडलं किंवा रक्तात जंतुसंसर्ग पसरला, की आधी मान टाकतात त्या याच पेशी. काही प्रतिजैविकं आणि चिरडलेल्या स्नायूंतून रक्तात आलेलं मायोग्लोबिन हे प्रथिनही त्यांनाच मारतं. पण या पेशींचा एक मोठा गुण आहे: त्या पुन्हा वाढतात. मूळ कारण वेळेवर दूर झालं तर उरलेल्या पेशी विभागून काही दिवसांत, काही आठवड्यांत नळीचं अस्तर नव्याने तयार करतात. कधी कधी तर मूत्रपिंडाला काही झालेलंच नसतं. प्रोस्टेट वाढून लघवीची वाट अडलेली असते. बाहेरून रबरी नळी (कॅथेटर) घालून वाट मोकळी केली की क्रिएटिनिन भराभर उतरतं.

सीकेडीत घडतं ते याच्या उलट. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही त्याची सर्वांत मोठी कारणं. त्यांत ग्लोमेरुलस हळूहळू कडक होतात, नळ्यांच्या आजूबाजूला चट्ट्यासारखी तंतुमय ऊती साठते आणि एकेक नेफ्रॉन कायमचा बंद पडतो. नवे नेफ्रॉन जन्मानंतर तयार होत नाहीत. जे उरतात ते जास्तीचं काम अंगावर घेतात, त्यांच्यातला दाब वाढतो आणि त्या दाबानेच तेही झिजतात. मूळ कारण काबूत आल्यावरही हा आजार पुष्कळदा सरकत राहतो तो यामुळे. आणि उरलेले इतकी वर्षं निभावून नेतात म्हणूनच रुग्णाला काही जाणवत नाही. लघवी तर बहुतेकांना भरपूर होत असते, उलट रात्री जास्त वेळा उठावं लागतं. ‘लघवी व्यवस्थित होतेय, म्हणजे किडनी ठीक आहे’ हा समज इथे घात करतो.

आता क्रिएटिनिनकडे येऊ. स्नायूंतून ते रोज जवळपास सारख्याच प्रमाणात रक्तात येतं आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. पण आकडा आणि कार्यक्षमता यांचं नातं सरळ नाही. ०.८ वरून १.६ झालं तर कार्यक्षमता जवळजवळ निम्मी गेली. ४ वरून ४.८ झालं, वाढ तेवढीच, पण नुकसान त्या मानाने किरकोळ. सीकेडीत सुरुवातीचा मोठा ऱ्हास म्हणूनच ‘थोडंसं वाढलंय’ या शेऱ्याखाली दडून जातो.

एकेआयमध्ये आकडा वेगळ्या प्रकारे फसवतो. मूत्रपिंडं आज सकाळी पूर्ण थांबली तरी संध्याकाळी क्रिएटिनिन थोडंच वाढलेलं दिसेल, कारण ते साठायला वेळ लागतो. रिपोर्टवर त्याच्याखाली ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडं किती वेगाने गाळतात याचा अंदाज, छापलेला असतो. तो आकडा क्रिएटिनिन स्थिर आहे असं धरून काढलेला असतो. रोज बदलणाऱ्या क्रिएटिनिनवर काढलेल्या ईजीएफआरला काही अर्थ नाही, आणि तरी तो बघून ‘सीकेडी स्टेज ४’ म्हणून घाबरलेली माणसं असतात.

निकषही त्यामुळे वेळेवर बेतलेले आहेत. क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ ने वाढलं, किंवा ७ दिवसांत आधीच्या दीडपट झालं, किंवा सलग ६ तास लघवी वजनाच्या दर किलोमागे ताशी अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी झाली (६० किलोच्या माणसाला ताशी ३० मिलिलिटर), तर एकेआय. सीकेडी म्हणायला किमान ३ महिने जावे लागतात: तेवढा काळ ईजीएफआर ६० च्या खाली, किंवा तो चांगला असूनही लघवीतून अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) जाणं यासारखी इजेची खूण.

जुना रिपोर्ट नसेल तेव्हा डॉक्टर इतर खुणा शोधतात. सोनोग्राफीत मूत्रपिंडं आक्रसलेली दिसली तर आजार जुना. मात्र मधुमेहात आणि पॉलिसिस्टिक आजारात (यात मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होतात) ती सहसा लहान नसतात, तेव्हा आकार नेहमीचा म्हणून आजार ताजा, असं म्हणता येत नाही. हिमोग्लोबिन कमी असणं सीकेडीकडे बोट दाखवतं, कारण तांबड्या पेशी तयार करायला सांगणारं एरिथ्रोपोएटिन मूत्रपिंडातच बनतं. पण रक्तस्राव झालेल्या एकेआयच्या रुग्णातही ते कमीच असेल. मला यापेक्षा बोलकी वाटते ती रुग्णाची अवस्था. क्रिएटिनिन ८ असलेला सीकेडीचा रुग्ण कधी कधी चालत तपासायला येतो. शरीराला जुळवून घ्यायला वर्षं मिळालेली असतात. एकेआयमध्ये ५ वरच माणूस अंथरुणाला खिळलेला असू शकतो आणि पोटॅशियम झपाट्याने चढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

उपचारांतला सगळ्यात गोंधळाचा मुद्दा औषधांचा. रामिप्रिल किंवा टेलमिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या ग्लोमेरुलसमधला दाब उतरवतात. लघवीतून अल्ब्युमिन जाणाऱ्या सीकेडीत त्या मूत्रपिंडाचं आयुष्य वाढवतात. पण जुलाबांनी कोरड्या पडलेल्या शरीरात गाळणं चालू ठेवायला नेमका तोच दाब हवा असतो, म्हणून एकेआयमध्ये डॉक्टर त्या बहुधा तात्पुरत्या थांबवतात. ‘मागच्या वेळी या गोळीने किडनीला त्रास झाला’ म्हणून ती मनानेच कायमची सोडणं जितकं चूक, तितकंच उलट्या-जुलाब चालू असताना डॉक्टरांना न विचारता घेत राहणं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांचा प्रश्न सोपा आहे: दोन्ही आजारांत ती नकोतच.

डायलिसिसचंही तसंच. ‘एकदा सुरू झालं की सुटत नाही’ ही भीती सीकेडीच्या शेवटच्या टप्प्यावरून आली आहे आणि तिथे ती बरीचशी खरी आहे. तिथे डायलिसिस चालू ठेवायचं किंवा प्रत्यारोपण करायचं. पण हे यंत्र आधी उपयोगी पडलं ते एकेआयमध्ये. नेदरलँड्समध्ये डॉ. विलेम कोल्फ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते बनवलं. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक स्त्री वाचली, कारण यंत्राने वेळ काढून दिला आणि तेवढ्यात तिची स्वतःची मूत्रपिंडं पुन्हा काम करू लागली. जुन्या आजाराच्या रुग्णांना मात्र वारंवार डायलिसिस देता येत नव्हतं, दर वेळी नवी रक्तवाहिनी कापावी लागे. १९६० मध्ये अमेरिकेतल्या सिॲटलला डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायम राहणारी टेफ्लॉनची नळी वापरली, तेव्हा कुठे सीकेडीच्या रुग्णांसाठी दार उघडलं.

दोन्ही आजार एकमेकांत मिसळतातही. सीकेडीच्या रुग्णाला साध्या जुलाबांनीही एकेआय होऊ शकतो, आणि एकेआयमधून सावरलेल्या माणसाला पुढे सीकेडी होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त राहतो. ७ दिवस उलटून गेले, ३ महिने अजून व्हायचेत, क्रिएटिनिन १.९ वर अडकलंय, अशा रुग्णाला त्या क्षणी दोन्हींपैकी कुठलंच नाव नीट लागू पडत नाही. अशा वेळी घरी सोडताना ३ महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासायला सांगतात. त्या तपासणीला पुष्कळजण जात नाहीत, कारण तोवर त्यांना बरं वाटत असतं.