सरकारी घरं विकायला थॅचरबाईंनी सुरुवात केली?

ब्रिटनमध्ये नगरपालिकांची भाड्याची घरं विकणं 1980 साली मार्गारेट थॅचर यांनी सुरू केलं, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. मंत्र्यांच्या परवानगीने पालिका त्याआधीही घरं विकत होत्या. सरकार हुजूर पक्षाचं असलं की परवानगी सैल, मजूर पक्षाचं असलं की आवळलेली, एवढाच फरक.

1980 च्या गृहनिर्माण कायद्याने निर्णय पालिकेच्या हातून काढून भाडेकरूला घर विकत घेण्याचा हक्क दिला. तीन वर्षं राहिलेल्याला बाजारभावात 33 टक्के सवलत, पुढे दरवर्षी एक टक्का जास्त, कमाल 50 टक्के.

पालिकांची भाड्याची घरं पुढे आटली, ती मात्र निव्वळ विक्रीमुळे नव्हे. खरी मेख पैशाच्या नियमात होती. विक्रीच्या रकमेतला थोडाच भाग पालिकेला खर्चता येई. 1990 पासून 75 टक्के रक्कम कर्जफेडीसाठी राखून ठेवणं सक्तीचं झालं. मग विकलेल्या घराच्या जागी नवं बांधणार कशातून?

1997 नंतरच्या मजूर सरकारनेही हक्क रद्द केला नाही, सवलतीच्या रकमेची कमाल मर्यादा घटवली. 2012 मध्ये ती वाढून 75,000 पौंड झाली, नोव्हेंबर 2024 मध्ये इंग्लंडमध्ये प्रदेशानुसार 16,000 ते 38,000 वर आली. स्कॉटलंडने हा हक्क 2016 मध्ये, वेल्सने 2019 मध्ये बंदच केला.