पिस्तुलाच्या गोळ्यांची परीक्षण-माध्यमे

पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हरमधून सुटलेली गोळी शरीराच्या मऊ ऊतींत किती खोल जाईल, तिचे टोक फुलेल (आघाताने पसरून रुंद होईल) की नाही, ती अखंड राहील की तिचे तुकडे होतील, याचा अंदाज घेण्यासाठी ती ज्या पदार्थांत झाडून पाहतात त्यांना परीक्षण-माध्यमे म्हणतात. जिलेटीन (स्फोटक नव्हे, तर प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेला जेलीसारखा पदार्थ), ग्लिसरीनयुक्त साबण, पाणी, मळीव माती, लाकडी फळ्या आणि अलीकडचे पारदर्शक कृत्रिम जेल ही त्यांतली प्रमुख होत. एका माध्यमात मिळालेली खोली दुसऱ्या माध्यमातल्या खोलीशेजारी थेट मांडता येत नाही. या विषयातले बरेचसे वाद तशी मांडणी केल्यामुळेच उद्भवले आहेत.

जिलेटीन व साबण यांच्या वापराचे श्रेय सामान्यतः स्विस शल्यचिकित्सक टेओडोर कोखर (नोबेल पारितोषिक, १९०९) यांना दिले जाते. त्यांचे प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांतले असावेत. त्याआधीही लष्करी चाचण्यांत पाइनच्या फळ्या वापरात होत्या. परंतु त्यांतून गोळीचा जोर कळे, जखमेचे स्वरूप कळत नसे. शिवाय पोकळ टोकाच्या गोळीचे तोंड लाकडाच्या चुऱ्याने बुजते आणि ती फुलायची राहते. अमेरिकेत १९०४ साली टॉम्पसन व लागार्ड या लष्करी अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यातील गुरांवर आणि मानवी मृतदेहांवर गोळ्या झाडून ०.४५ इंचाहून कमी व्यासाची गोळी नसावी, अशी शिफारस केली. या चाचण्यांचा दाखला आजही दिला जातो; मात्र जनावरे कमी, जखमांच्या जागा वेगवेगळ्या आणि नोंदीची पद्धत सैल असल्याने त्यांवर मोठा निष्कर्ष उभारणे योग्य ठरत नाही.

जिलेटीन किती दाट असावे, हा खरा वादाचा मुद्दा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रिन्स्टन येथे हार्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरलेले २० टक्के जिलेटीन पुढे अनेक लष्करी प्रयोगशाळांत रूढ झाले. ते १० अंश सेल्सिअसला वापरतात. १९८० च्या दशकात अमेरिकी लष्करी शल्यचिकित्सक मार्टिन फॅकलर यांनी १० टक्के जिलेटीन ४ अंशांना वापरून त्यातली गोळीची खोली डुकराच्या मांडीच्या स्नायूंशी जुळते, असे दाखवले. ताडून पाहता येणारा जैविक आधार असल्याने पिस्तुलाच्या गोळ्यांपुरते फॅकलर यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. एक भाग भुकटी व नऊ भाग पाणी असे वजनी प्रमाण धरतात. भुकटी आधी गार पाण्यात भिजवून मग ४० अंशांपर्यंतच तापवतात, कारण त्याहून जास्त उष्णतेने जिलेटीनची पकड कमी होते. फेस बसावा आणि ठोकळा टिकावा म्हणून दालचिनी तेलाचे थेंब टाकण्याची पद्धत आहे. चाचणीच्या आधी ४.५ मिमी पोलादी छर्रा सेकंदाला सुमारे १८० मीटर वेगाने ठोकळ्यात सोडतात. तो ८.५ सेंमीच्या आसपास (एक सेंमी इकडे-तिकडे) थांबला, तरच ठोकळा ग्राह्य. छर्ऱ्याची नोंद नसलेल्या चाचणीचे आकडे तुलनेला घेऊ नयेत.

साबणाचा उपयोग वेगळा आहे. जिलेटीन लवचीक असल्याने गोळीमागे क्षणभर उघडलेली पोकळी पुन्हा मिटते व मागे भेगा उरतात. ठोकळ्याच्या चकत्या कापून त्या भेगा मोजाव्या लागतात. साबणात पोकळी जशीच्या तशी राहते. तीत पाणी ओतून आकारमान काढले की गोळीने त्या टप्प्यात किती ऊर्जा सोडली याचा अंदाज बांधता येतो. परंतु सेकंदाला साधारण ३०० ते ४०० मीटर वेगाच्या पिस्तूल-गोळीची ही तात्पुरती पोकळी जखमेत फारशी भर घालत नाही, असा फॅकलर-पक्षाचा दावा आहे. दूरवर पोचणाऱ्या दाबलहरींनाही महत्त्व आहे, असे काही अभ्यासक मानतात. त्यांचा पुरावा अद्याप तोकडा आहे. साबणातली ऐसपैस पोकळी पाहून गोळीची मारकता ठरवणे म्हणूनच धोक्याचे.

पाण्यात गोळी सहज फुलते, पण जिलेटीनहून बरीच खोल जाते. पारदर्शक कृत्रिम जेल खनिज तेलापासून करतात. ते खोलीच्या तापमानाला टिकते व वितळवून पुन्हा वापरता येते. त्यातही गोळी अधिक खोल जाण्याकडे कल दिसतो. मळीव माती गोळीसाठी नसून चिलखतासाठी असते: जाकिटामागे पडलेला खळगा अमेरिकी मानकानुसार ४४ मिमीहून खोल नसावा.

वेधनाचा, म्हणजे गोळी किती खोल जावी याचा, निकष ठरला तो अमेरिकेतील मायामीतल्या चकमकीमुळे. ११ एप्रिल १९८६ रोजी एका हल्लेखोराला लागलेली ९ मिमी गोळी दंडातून छातीत शिरली, पण हृदयाच्या अलीकडे थांबली. त्या चकमकीत एफबीआय या अमेरिकी तपाससंस्थेचे दोन अधिकारी मारले गेले. यानंतर त्या संस्थेने उघड्या जिलेटीनबरोबरच जाड कपडे, पत्रा, प्लायवूड, भिंतीचा बोर्ड व मोटारीची काच यांआडूनही चाचण्या घेण्याची पद्धत घातली आणि १२ ते १८ इंच (सुमारे ३० ते ४६ सेंमी) खोली इष्ट मानली. कापडाचे धागे पोकळ टोकात अडकले की गोळी फुलत नाही, हे यातून ठळक झाले.

पुण्यात हा विषय कारखाना व संशोधन या दोन्ही अंगांनी येतो. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. तेथील काडतुसांच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरे असतात. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये आहे. पाषाणची आयुध संशोधन व विकास आस्थापना (१९५८) लहान शस्त्रांवर काम करते. १८९९ च्या हेग घोषणेने युद्धात फुलणाऱ्या गोळ्यांना मनाई असल्याने लष्करी ९ मिमी गोळी पूर्ण धातू-आवरणाची असते. ती जिलेटीनमध्ये न फुलता खोल जाते. उन्हाळ्यात पारा चाळीशीला टेकणाऱ्या पुण्यात शीतपेटीतून काढलेला ठोकळा भराभर मऊ पडतो, त्यामुळे छर्ऱ्याची चाचणी प्रत्यक्ष गोळीबाराला लागूनच घ्यावी लागते.