लाइट आहे, पण लाइट नाही

"भाऊ, लाइट हाय, पण लाल लाइट लागलाय."

रात्री साडेआठला फोनवर आलेलं हे वाक्य पुण्या-मुंबईच्या माणसाला कोडं वाटेल. आमच्याकडे ते अगदी नेमकं आहे. पहिली लाइट म्हणजे वीज. ती 'आहे' हे आधी सांगावं लागतं, कारण ती नसण्याचीच शक्यता पहिली धरतात. दुसरा लाइट म्हणजे भिंतीवरच्या इंटरनेटच्या पांढऱ्या डब्यावरचा बारका दिवा. तो लाल झाला की समजायचं, त्या डब्याला तिसरा एक लाइट मिळेनासा झालाय. हा तिसरा डोळ्यांना दिसतच नाही. काचेच्या तारेतून मैलोन् मैल येणारा तो अवरक्त प्रकाश.

फोन घेणारा माझा विद्यार्थी. मी अंबाजोगाईत भौतिकशास्त्र शिकवतो आणि हा मागच्या बाकावरचा. 'पूर्ण आंतरिक परावर्तन' या प्रश्नावर आपल्याला दोनपैकी एक गुण मिळाला होता, असं तोच सांगतो. आता त्याचं घर त्या दोन गुणांवर चालतं. शहरात आणि आसपासच्या काही गावांत तो फायबरचं इंटरनेट पुरवतो. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून मी बऱ्याच संध्याकाळी हिंडलो.

फायबर म्हणजे शुद्ध काचेचा तंतू, बाहेरून १२५ मायक्रॉन जाडीचा. केसापेक्षा थोडा जाड. प्रकाश मात्र त्याच्या मधल्या गाभ्यातून जातो आणि गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. गाभ्याची काच भोवतालच्या काचेपेक्षा किंचित घन, म्हणून तिरका गेलेला किरण बाहेर न पडता आतच परततो. एवढं पुस्तकात आहे. पुस्तकात जे ठळकपणे येत नाही ते हे, की ही युक्ती माहीत असूनही बरीच वर्षं तिचा दूरसंचाराला काही उपयोग नव्हता. पंजाबातल्या मोग्यात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ मध्ये लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं होतं, पण ते अंतर हातभराचं. काचच प्रकाश पिऊन टाकायची. १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या चार्ल्स काव यांनी, सहकारी जॉर्ज हॉकहॅम यांच्यासह, दाखवलं की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्धीचा आहे. किलोमीटरभर अंतरानंतर निदान १ टक्का प्रकाश उरला तरी टेलिफोनचं काम भागेल, असा त्यांचा हिशोब. कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी १९७० मध्ये ती पातळी ओलांडली. काव यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. आजच्या चांगल्या फायबरमध्ये योग्य तरंगलांबीचा प्रकाश १ टक्क्यावर यायला सुमारे १०० किलोमीटर लागतात. अंबाजोगाईत एका टोकाला दिवा लावला तर तो पार बीडच्या पुढे जाऊन मग विझू विझू होईल, इतकी ती काच स्वच्छ.

मग लाल लाइट लागतो कशाने?

या प्रश्नाचं उत्तर विद्यार्थ्याच्या खिशातल्या पॉवर मीटरमध्ये असतं. जाड मोबाइलएवढं यंत्र. ग्राहकाच्या घरातली तार काढून त्यात खोचली की आकडा येतो: मायनस एकोणीस, मायनस चोवीस. "पॉवर किती आहे?" हा या धंद्यातला रामराम आहे. दोन लाइनमन भेटले की आधी पॉवर विचारतात, मग चहा.

हा आकडा लॉगरिदमचा, त्याचं एकक डीबीएम. शून्य म्हणजे १ मिलीवॉट. मायनस १० म्हणजे त्याचा दहावा भाग, मायनस २० म्हणजे शंभरावा. दर ३ ला प्रकाश निम्मा होतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. त्याच्या दुकानातल्या मुख्य यंत्रातून, म्हणजे ओएलटीतून, प्रकाश निघतो प्लस ३ ला, सुमारे २ मिलीवॉट. घरातला डबा मायनस २७ पर्यंत वाचू शकतो. मायनस २७ म्हणजे २ मायक्रोवॉट, निघालेल्या प्रकाशाचा हजारावा हिस्सा. मधले ९९९ हिस्से वाटेत गेले तरी चालतं. ऐकायला हे फार उदार वाटतं. पण वाटेतला खर्च बघा.

एका फायबरवर ३२ घरं चालवायची तर प्रकाश वाटावा लागतो. ते काम स्प्लिटर करतो. चौकातल्या खांबावरच्या काळ्या डबीत तो असतो आणि त्याला विजेची गरजच नसते. आधी आठात वाटणी: साडेदहा डीबी गेले (घट मोजताना एकक नुसतं डीबी). मग गावात चारात वाटणी: आणखी सात. ६ किलोमीटर तारेचे दोन. जोड आणि कनेक्टर मिळून दोन. सगळे साडेएकवीस. प्लस तीनमधून वजा केले की उरतात मायनस साडेअठरा. म्हणजे मायनस सत्तावीसच्या आत अजून साडेआठ शिल्लक. त्याचं सगळं जगणं या साडेआठावर आहे. तेवढ्यात ऊन, पाऊस, उंदीर, ऊस आणि ग्राहक, सगळ्यांना बसवायचं.

ग्राहकापासूनच सुरू करू. एका घरी नवा टीव्ही आला, भिंत रंगवली आणि लोंबणारी तार वाईट दिसते म्हणून घरच्या माणसाने ती घट्ट दुमडून बोटभर रुंदीची गुंडाळी केली, वर दोरीची गाठ. मायनस २०चे मायनस २९ झाले. तार कुठे तुटलेली नव्हती. पण वळण तीव्र झालं की किरण काचेच्या कडेवर फार सरळ आदळतो, परत फिरत नाही, बाहेर सांडतो. विद्यार्थ्याने गाठ सोडली, तार बशीएवढ्या वेटोळ्यात ठेवली आणि दिवा हिरवा झाला. "काहीच केलं नाही की हो तुम्ही," असं म्हणून घरमालकाने चहाही विचारला नाही.

दुसरं एक घर. तिथं कोणीतरी हिरव्या टोकाच्या सॉकेटमध्ये निळ्या टोकाची तार खुपसली होती. रंग शोभेचे नसतात. निळ्या टोकाची काच सरळ घासलेली, हिरव्याची ८ अंशांनी तिरकी, परावर्तित प्रकाश उलट ओएलटीकडे जाऊ नये म्हणून. सरळ आणि तिरकं समोरासमोर आलं की मधे फट राहते. आणि टोकावरची धूळ तर विचारूच नका. कापसाचा तंतू १० ते २० मायक्रॉन रुंद असतो, गाभा ९ चा. वेचणीच्या दिवसांत हवेत उडणारा एक तंतू टोकावर बसला तर दारात बैलगाडी आडवी लावल्यासारखं होतं. म्हणून त्याच्या पिशवीत स्पिरिट आणि पुसण्याचा कागद कायम. फुंकर मारायची मात्र बंदी, थुंकी उडते.

आता खरा कट, म्हणजे तार तुटणं. त्या रात्रीच्या फोनमागोमाग दहा मिनिटांत आणखी सतरा फोन आले, सगळे एकाच रस्त्यावरच्या गावांतून. म्हणजे घरातला दोष नव्हे. उसाचा हंगाम असता तर मी आधी ट्रॉलीवर बोट ठेवलं असतं. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यावर हात वर केला तरी न पोहोचणारा ऊस, आणि खांबांमधल्या झोळ पडलेल्या तारा. पण मे महिना होता, कारखाने बंद. "जेसीबी असणार," तो म्हणाला. रस्ता रुंदीकरण सुरू होतं.

कट कुठे आहे हे शोधायचं यंत्र म्हणजे ओटीडीआर. ते तारेत प्रकाशाचा एक क्षणिक ठोका सोडतं आणि परत काय येतं ते ऐकत बसतं. काचेच्या कणाकणावरून थोडा प्रकाश मागे विखुरतो. आभाळ निळं दिसतं त्याच्या मुळाशी असलेलं हेच रॅले विकिरण. ते क्षीण होत होत येतं आणि तार जिथे तुटली तिथे एकदम थांबतं. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे जाऊन-येऊन किलोमीटरला १० मायक्रोसेकंद. पडद्यावर रेघ कोसळली ४२ मायक्रोसेकंदांच्या जवळपास, यंत्राने भाषांतर केलं: ४१८० मीटर. मला वाटलं, झालं काम. मोटरसायकलचा मीटर बघत तेवढं जायचं. तो हसला. "सर, ही तारेची लांबी. रस्त्याची न्हाई." तार खांबाखांबाला झोळ घेते, दर काही खांबांवर दहा-पंधरा मीटरचं वेटोळं राखीव ठेवलेलं असतं, ओढा वळसा घालून ओलांडते. ४१८० मीटर तार म्हणजे रस्त्याने कुठे?

त्याने एक मळकी वही काढली. त्यात रेघा मारून असं लिहिलेलं: पंपाचा खांब १२६०, पुलाचा जॉइंट २३१५, मारुती ३०४०, लिंबाचं झाड ४१६५. अख्खा रस्ता प्रकाशाच्या वेळात मोजलेला. लिंबाच्या झाडापाशी गेलो तर तिथे ताजी उकरलेली माती आणि तिच्यातून वर आलेली काळी केबल. ऊसतोडीला गेलेल्या बैलाचं वेसण तुटावं तशी.

जोड मारणं हे या कामातलं मला सगळ्यात देखणं वाटलेलं काम. केबलच्या पोटात बारा तंतू, प्रत्येकाचा रंग ठरलेला: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, अशा क्रमाने. निळ्याला निळाच जोडायचा, नाहीतर या गावचं नेट त्या गावाला. आवरण सोलायचं, स्पिरिटने पुसायचं, क्लीव्हरने टोक काटकोनात तोडायचं आणि दोन्ही टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. मशीन कॅमेऱ्याने बघून गाभ्यासमोर गाभा आणतं आणि विजेची ठिणगी टाकून काच काचेत वितळवतं. पडद्यावर येतं, लॉस ०.०२. रात्रीचे अकरा, मोटरसायकलच्या दिव्याचा उजेड, गरम वारा, आणि मी उपरणं धरून आडोसा केलेला. घामाचा थेंब पडला की पुन्हा सोलण्यापासून सुरुवात. दोनदा झालं.

जमिनीत पुरलेल्या तारेचं काय, हे मी त्याला विचारलं. जेसीबी एकवेळ बरा, असं त्याचं मत. तो घाव तरी स्पष्ट घालतो. काळी माती गुपचूप घालते. बेसॉल्ट खडक झिजून झालेल्या आमच्या मातीत स्मेक्टाइट जातीची चिकणमाती भरपूर. ती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. पाय जाईल एवढ्या भेगा आम्ही लहानपणापासून बघतो. दर वर्षी ही माती पुरलेल्या केबलला ओढते, सैल सोडते, पुन्हा ओढते. खांबही तिच्यातच उभे, तेही कलतात. तार तुटत नाही, पण एखादा जोड ताणला जातो आणि महिन्याला अर्धा-पाऊण डीबी असा आकडा घसरत जातो. तक्रार येते ती जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर, आणि लोक म्हणतात पावसाने नेट गेलं.

विजेबद्दल थोडक्यात. स्प्लिटरला वीज लागत नसली तरी ओएलटीला लागते, म्हणून बॅटऱ्या. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंश तापमान धरून सांगतात. दर १० अंशांना ते साधारण निम्मं होतं असा ढोबळ नियम आहे. पत्र्याच्या दुकानात मे महिन्यात काय होत असेल, याचा हिशोब वाचकांनी करावा.

मला सगळ्यात भावलेली भानगड मात्र वेगळीच. एकदा एका वस्तीतली सगळी, म्हणजे बत्तीस घरं चालू-बंद होऊ लागली. पॉवर सगळीकडे उत्तम. तार धड, जोड धड. दोन दिवस तो चक्रावून गेला होता. यामागचं शास्त्र असं: ओएलटीकडून घरांकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा, तो सगळ्यांना सारखाच जातो. परतीचा १३१० चा. पण परतीची वाट बत्तीस जणांत एकच, म्हणून ओएलटी प्रत्येकाला वेळ ठरवून देतं. शाळेतल्या हजेरीसारखं: नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं आणि गप्प. लांबच्या घराचं 'हजर' पोहोचायला काही मायक्रोसेकंद जास्त लागतात, तेही मोजून घेतलेलं असतं. त्या वस्तीतल्या एका डब्यावर वादळात वीज कडाडल्यावर काहीतरी बिघडलं आणि तो अखंड 'हजर, हजर' ओरडत सुटला. त्याच्या प्रकाशात बाकी एकतिसांचं काहीच ऐकू येईना. गंमत म्हणजे त्या घराची तक्रारच नव्हती. घरचे लोक लग्नाला गेले होते, कुलूप. त्याने खांबावर चढून स्प्लिटरची एकेक तार काढली. एकोणिसावी काढली आणि वस्ती शांत झाली.

"वर्गात तुम्ही मला बाहेर काढायचे, तसंच केलं," तो म्हणाला.

लिंबापाशी जोड मारून झाला तेव्हा पॉवर आली मायनस १९.४. डबी बंद करून त्याने ती खांबावर उंच बांधली, जवळ पंधरा मीटरचं वेटोळं सोडलं आणि वहीत ४१६५ खोडून ४१९५ केलं, कारण दोन्ही बाजूंनी थोडी नवी तार घालावी लागली होती. परवा त्या रस्त्याने गेलो. रुंदीकरणात झाड गेलंय. वहीत आता 'लिंबाचं झाड' खोडलेलं नाही, पुढे फक्त 'होतं तिथं' असं लिहिलंय.