मालिश: दिनचर्येतून दवाखान्यात आणि पुन्हा घरात

मालिशीचा इतिहास सांगताना बहुतेक जण दुखण्यापासून सुरुवात करतात. मला दिनचर्येपासून सुरुवात करणं जास्त योग्य वाटतं, कारण जुन्या ग्रंथांत मालिश आधी तिथेच भेटते. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथात, सूत्रस्थान या भागाच्या पाचव्या अध्यायात जेवणाचं प्रमाण, अंजन, दात घासणं, आंघोळ, स्वच्छ कपडे, पायांत पादत्राणं अशा रोजच्या गोष्टी ओळीने येतात आणि त्याच ओळीत अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल लावून चोळणं, आहे. तेल मुरलेला घडा, तेल चोळलेलं कातडं आणि वंगण घातलेला गाडीचा आस जसे मजबूत होऊन ताण सोसतात, तसं अभ्यंगाने शरीर होतं, असा दाखला तिथे दिला आहे. आयुर्वेदाचा दुसरा ग्रंथकार वाग्भट आपल्या अष्टांगहृदयात अभ्यंग ‘नित्य’ करायला सांगतो. सगळ्या अंगाला करताना डोकं, कान आणि पाय यांकडे विशेष लक्ष द्यावं, असंही म्हणतो. लगेच पुढे, अजीर्ण झालेल्याने किंवा कफाचा त्रास असलेल्याने तो टाळावा, अशी सूचनाही करतो. म्हणजे रोज करायची ती गोष्ट, पण आजची तब्येत बघून.

इतर संस्कृतींतही चित्र फार वेगळं नाही. इजिप्तमध्ये सक्कारा इथे अंखमाहोरच्या थडग्यात, साधारण इ.स.पूर्व २३०० च्या सुमाराचं, माणसांच्या हातापायांवर काम चाललेलं कोरीव चित्र आहे. काही अभ्यासक त्याला मालिश म्हणतात, काही नखांची निगा. चीनमध्ये तांग काळात (इ.स. ६१८ ते ९०७) राजदरबाराच्या वैद्यकीय संस्थेत मालिशीचा स्वतंत्र विभाग होता. जपानमध्ये सतराव्या शतकात सुगियामा वाइची या अंध वैद्याने अंध व्यक्तींना सुया टोचण्याचे आणि मालिशीचे उपचार शिकवणाऱ्या शाळा काढल्या. पुढे कित्येक पिढ्या हा अंध लोकांचा मानाचा व्यवसाय राहिला.

ग्रीकांनी प्रमाणाचा बारकाईने विचार केला. जोरात चोळलं तर अंग घट्ट होतं, हलकं चोळलं तर सैल पडतं, फार चोळलं तर मांस झिजतं आणि बेताने चोळलं तर भरतं, असं प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिसच्या नावावरच्या लेखनात आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलन हा ग्रीक वैद्य त्याच्याही पुढे गेला. तरुणपणी त्याने पर्गामम या आपल्या गावी ग्लॅडिएटरांवर, म्हणजे आखाड्यात शस्त्रं घेऊन लढणाऱ्यांवर, उपचार केले होते, त्यामुळे दमलेलं, मार खाल्लेलं शरीर त्याने जवळून पाहिलं होतं. आरोग्य राखण्यावरच्या आपल्या ग्रंथात त्याने चोळण्याचे तीन जोर आणि तीन प्रमाणं मानून नऊ प्रकार मांडले. व्यायामाआधी अंग तयार करायला वेगळं चोळणं, व्यायामानंतर थकवा उतरवायला वेगळं. आजचे खेळाडूही हीच विभागणी पाळतात.

मालिश घरातून बाहेर पडून उपचाराच्या खोलीत कशी गेली, याची खरी गोष्ट एकोणिसाव्या शतकातली आहे. पेर हेन्रिक लिंग या स्वीडिश माणसाने १८१३ मध्ये स्टॉकहोमला व्यायामशिक्षणाची संस्था काढली. त्याचा भर हालचालींवर होता. तरीही ‘स्वीडिश मसाज’चा जनक म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. प्रत्यक्षात हळुवार फिरवणं, मळणं, घासणं, थापटणं अशी पद्धतशीर मांडणी रुळवण्याचं श्रेय योहान मेत्सगर या डच डॉक्टरकडे जायला हवं. १८६८ चा त्याचा प्रबंध मुरगळलेला घोटा चोळून बरा करण्याविषयी होता. विषय एवढासाच, पण त्यामुळे डॉक्टरांना मालिशीकडे मोजता येण्याजोगा, शिकता येण्याजोगा उपचार म्हणून बघता आलं.

मागणी वाढली तशी गडबडही वाढली. १८९४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने लंडनमधल्या मसाजच्या नावाखाली चालणाऱ्या संशयास्पद धंद्यांवर टीकेची झोड उठवली. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या बायकांची त्यात नाहक बदनामी होत होती. त्याच वर्षी चार जणींनी पुढे येऊन प्रशिक्षित मालिशकर्त्या स्त्रियांची संस्था स्थापन केली. नियम कडक होते: डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मालिश करायची नाही, वैद्यकीय नियतकालिकांशिवाय कुठेही जाहिरात द्यायची नाही, रुग्णांना औषधं विकायची नाहीत. या चौघींबद्दल मला फार आदर वाटतो. बदनामीला घाबरून काम सोडण्याऐवजी त्यांनी कामाची शिस्त वाढवली. पहिल्या महायुद्धात प्रशिक्षित मालिशकर्त्या स्त्रियांनी असंख्य जखमी सैनिकांना पुन्हा हिंडतं-फिरतं केलं. १९२० मध्ये त्यांच्या संस्थेला राजसनद मिळाली आणि १९४४ मध्ये तिने ‘चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी’ हे नाव घेतलं. आजचं फिजिओथेरपीचं शास्त्र बऱ्याच अंशी या बायकांच्या हातांवर उभं आहे.

या प्रतिष्ठेची किंमतही मोजावी लागली. मालिश डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आली आणि रोजच्या सवयींतून निसटली. पुढे दवाखान्यात विजेची उपकरणं आणि औषधं वाढली. रात्री झोपण्यापूर्वी रुग्णाची पाठ चोळून देणं हा परिचारिकांच्या कामाचा ठरलेला भाग असे, तोही हळूहळू मागे पडला. मग मालिशीला दोनच जागा उरल्या, एक दुखापतीची आणि दुसरी चैनीची.

स्वतःची निगा हा विचार परत आला तो परिचारिकांच्याच क्षेत्रातून. अमेरिकेच्या परिचारिका डोरोथिया ओरेम यांनी १९७१ च्या आपल्या पुस्तकात मांडलं की माणूस स्वतःसाठी रोज जे करतो तोच आरोग्याचा पाया आहे आणि ते त्याला जमेनासं झालं की परिचारिकेचं काम सुरू होतं. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्व-निगेवर मार्गदर्शक सूचना काढल्या.

दरम्यान प्रयोगशाळांतूनही उत्तरं येऊ लागली होती. १९८६ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना रोज तीन वेळा, पंधरा-पंधरा मिनिटं, दहा दिवस मालिश दिली. या बाळांचं वजन इतर बाळांपेक्षा ४७ टक्के जास्त वेगाने वाढलं. २०१२ मध्ये कॅनडात ११ तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावून त्यांच्या एकाच मांडीला दहा मिनिटं मालिश केली आणि दोन्ही मांड्यांच्या स्नायूंचे नमुने तपासले. मालिश झालेल्या स्नायूत दाह वाढवणारे संकेत कमी होते. दमवणाऱ्या व्यायामाने स्नायूत वाढणारं लॅक्टिक ॲसिड मात्र जसंच्या तसं होतं. मालिशीने ते ‘निघून जातं’ हा समज अजूनही ऐकू येतो, तो आता सोडून द्यायला हवा.

नियमितपणाचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत जुनाट कंबरदुखीच्या ४०१ रुग्णांपैकी काहींना दहा आठवडे दर आठवड्याला मालिश मिळाली आणि त्यांचा फायदा निदान सहा महिने टिकला. नुसती आराम देणारी मालिश आणि नेमक्या स्नायूंवर केलेली खास मालिश यांत लक्षणीय फरक दिसला नाही. मानदुखीवरच्या २०१४ च्या अभ्यासात आठवड्यातून दोन-तीनदा तासभर केलेल्या मालिशीने गुण आला, अर्ध्या तासाच्या मालिशीने तितका नाही. तरी अशा सगळ्या अभ्यासांचा एकत्र विचार केला तर कंबरदुखीबाबतचा पुरावा अजून कच्चाच ठरतो. मालिशीने सगळं बरं होतं असं सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं.

आपल्याच हाताने केलेल्या मालिशीचं काय? त्वचेत, विशेषतः लव असलेल्या भागात, हळुवार स्पर्श टिपणारे खास चेतातंतू असतात. सेकंदाला साधारण तीन सेंटीमीटर या वेगाला ते सगळ्यात जास्त साद देतात. म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंत हात फिरवायला सात-आठ सेकंद लागले पाहिजेत. करून बघा, आपण किती घाई करतो ते कळेल. स्वतःच्या स्पर्शाला मेंदू दुसऱ्याच्या स्पर्शाइतका प्रतिसाद देत नाही, हे खरं आहे, त्यामुळे मायेच्या हाताची जागा आपला हात पुरती घेऊ शकत नाही. पण आखडलेली पोटरी, अवघडलेली मान, दिवसभर उभं राहून ठणकणारे तळपाय यांना आपला अंगठा पुरेसा कामाचा असतो. शिवाय रोज हात फिरला की नवी गाठ, सूज किंवा बधिरपणा लवकर लक्षात येतो. ताप असेल, त्वचेवर जखम किंवा संसर्ग असेल तर तिथे चोळू नये. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं. आणि एकच पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखू लागली तर ती अजिबात न चोळता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी, कारण आत रक्ताची गुठळी असू शकते.