दोन पट्ट्या, दोन लयी आणि एक कात्री

बीटल्सचं ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ हेडफोन लावून ऐका आणि साधारण साठाव्या सेकंदाला कान टवकारा. तिथे एक गाणं संपतं आणि दुसरं सुरू होतं. चाल तीच, शब्द तेच, गायकही तोच. पण पहिल्या मिनिटात जे वाजतं ते एका दिवशी एका पट्टीत आणि एका लयीत ध्वनिमुद्रित झालं होतं, आणि नंतरचं सगळं दहाएक दिवसांनी, वेगळ्या पट्टीत, वेगळ्या लयीत. पन्नास-साठ वर्षं लोक हे गाणं ऐकताहेत आणि सांगितल्याशिवाय बहुतेकांना हा सांधा कळत नाही. तो का कळत नाही याचं उत्तर निम्मं ध्वनिशास्त्रात आहे आणि निम्मं नशिबात.

आधी थोडी पार्श्वभूमी. ऑगस्ट १९६६मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमधल्या कार्यक्रमानंतर बीटल्सनी दौरे बंद केले. हे गाणं गाणारा जॉन लेनन एका चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी स्पेनमधल्या आल्मेरियाला गेला आणि तिथे त्याने हे गाणं लिहायला घेतलं. स्ट्रॉबेरी फील्ड हे लिव्हरपूलच्या वूल्टन भागातलं, साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचं तेव्हाचं मुलांचं वसतिगृह. लेनन लहानाचा मोठा झाला तो मिमी मावशीकडे, आणि तिचं घर तिथून जवळच. त्याच सुमारास बीटल्समधला गिटारवादक जॉर्ज हॅरिसन मुंबईत होता. सप्टेंबर १९६६मध्ये तो पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला आला आणि ताजमहाल हॉटेलात उतरला. आल्याची बातमी फुटली, पत्रकारांनी गाठलं, आणि शेवटी शिक्षणासाठी काश्मीर गाठावं लागलं. त्या मुंबईवारीचा एक धागा या गाण्यात आहे, त्याकडे येऊच.

२४ नोव्हेंबरला लंडनच्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत काम सुरू झालं. निर्माता जॉर्ज मार्टिन, आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक, जो या गाण्याचं काम चालू असतानाच २१ वर्षांचा झाला. यंत्रं चार ट्रॅकची. म्हणजे टेपच्या रुंदीवर शेजारी शेजारी चारच स्वतंत्र आवाज मावायचे. ते भरले की चारहींचं मिश्रण करून दुसऱ्या टेपवर उतरवायचं आणि मोकळ्या झालेल्या ट्रॅकवर पुढचं वाजवायचं. प्रत्येक वेळी मागचं मिश्रण कायमचं पक्कं होणार आणि टेपची सूं-सूं थोडी वाढणार. आजच्या संगीतकाराला ही शिक्षा वाटेल. मला वाटतं, निर्णय पुढे ढकलता येत नसल्यामुळेच त्या काळच्या कामाला धार होती.

गाण्याची सुरुवात बासरीसारख्या आवाजाने होते. ती बासरी कोणी फुंकलेली नाही. पॉल मॅकार्टनी तिथे मेलोट्रॉन नावाचं इंग्लंडमध्ये बनलेलं वाद्य वाजवतोय. दिसायला ते पेटीच्या खानदानातलं, पण आत स्वरपट्ट्यांऐवजी टेपच्या पट्ट्या. प्रत्येक कळीखाली एक पट्टी, आणि तिच्यावर त्या एका सुराचं खऱ्या वादकाने वाजवलेलं ध्वनिमुद्रण. कळ दाबली की पट्टी फिरत्या दांड्यावर दाबली जाते आणि आवाज वाचणाऱ्या भागावरून, म्हणजे हेडवरून, ओढली जाते. सोडली की स्प्रिंग तिला परत जागेवर आणते. पट्टी सुमारे ८ सेकंदांची, त्यामुळे सूर त्यापुढे धरताच येत नाही. आणि दर वेळी वाजतं ते तेच ध्वनिमुद्रण, तीच फुंकर, सुराचा तोच किंचित थरथरता माथा. आज कीबोर्डवर ‘बासरी’ निवडली की जे घडतं त्याचा हा यांत्रिक पूर्वज. पुढे मूडी ब्लूज आणि किंग क्रिमसन या रॉक बँडनी या वाद्यावर आख्खी दुनिया उभी केली.

नोव्हेंबरच्या अखेरीला सातवा टेक (टेक म्हणजे ध्वनिमुद्रणाची एक आवृत्ती) पसंत पडला. गिटार, मेलोट्रॉन, ड्रम आणि लेननचा आवाज. संथ, थोडा उदास. पण काही दिवसांनी लेननला ते फार मवाळ वाटायला लागलं. डिसेंबरात नव्याने बैठका झाल्या. या वेळी लय चढी, ठेका दणदणीत, उलट्या वाजवलेल्या झांजा. त्यावर मार्टिनने चार ट्रंपेट आणि तीन चेलो यांची रचना लिहिली आणि ती १५ डिसेंबरला वाजवली गेली. हा २६ वा टेक. गंमत म्हणजे त्याचा पायाही मुळात १५ व्या आणि २४ व्या टेकचा जोड होता.

मग लेननने मार्टिनला सांगितलं की मला पहिल्याची सुरुवात आवडते आणि दुसऱ्याचा शेवट, तेव्हा दोन्ही जोडून टाक. मार्टिनने अडचण सांगितली: सुरांच्या पट्ट्या जुळत नाहीत आणि लयही जुळत नाही. लेननचं उत्तर साधारण असं की ते तू बघ, तुला जमेल.

हे ‘बघणं’ म्हणजे काय, ते समजून घ्यायला टेपच्या अगदी जवळ जावं लागेल. टेप म्हणजे प्लास्टिकची फीत आणि तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर. आवाजाचा चढउतार त्या थरात चुंबकीय चढउतार म्हणून लांबीच्या दिशेने लिहिला जातो. स्टुडिओतली टेप सेकंदाला १५ इंच, म्हणजे ३८ सेंटिमीटर पळते. मधल्या सप्तकातली पांढरी सहा घ्या, सेकंदाला ४४० कंपनं. ३८ सेंटिमीटरमध्ये ४४० लाटा, म्हणजे एक लाट साधारण ०.८७ मिलिमीटरची. डोळ्यांना चुंबकत्व दिसत असतं तर हा सूर फुटपट्टीने मोजता आला असता.

आता हीच टेप हळू ओढली तर हेडसमोरून सेकंदाला कमी लाटा जातील. सूर उतरेल, आणि त्याच प्रमाणात दोन ठोक्यांमधलं अंतरही वाढेल. सेल उतरलेला टेपरेकॉर्डर ज्यांनी ऐकलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. टेपवर काळ आणि सूर दोन्ही लांबीतच लिहिलेले असतात, म्हणून एकाला हात लावला की दुसरा हलणारच. हिशोब असा: सप्तकात बारा स्वर, आणि सप्तक चढलं की कंपनं दुप्पट. म्हणून शेजारच्या कळीवर जाताना कंपनसंख्येत सुमारे ६ टक्क्यांचा फरक पडतो. टेप एका कळीने खाली आणायची तर वेग तेवढाच घटवावा लागतो, आणि मिनिटाला १०० मात्रांची लय आपोआप साधारण ९४ वर येते.

इथे नशीब आडवं येऊ शकलं असतं. समजा चढ्या लयीचा टेक खालच्या पट्टीत असता. मग लय जुळवायला टेप हळू केली की पट्टी आणखी खाली घसरली असती, आणि पट्टी जुळवायला वेग वाढवला की लय आणखी पळाली असती. मार्टिनला हात टेकावे लागले असते. पण २६ वा टेक सातव्यापेक्षा जलदही होता आणि चढाही. दोन्ही चुका एकाच दिशेच्या. वेग कमी केला की दोन्ही एकदम खाली येत होत्या. त्या जवळजवळ एकाच प्रमाणात होत्या हा निव्वळ योगायोग. राहिलेला फरक कानाने सांभाळून घेतला, कारण सुरातली अगदी बारीक तफावत कानाला टोचते, तर लयीत एखाद-दोन टक्क्यांचा बदल, त्यातही वाद्यमेळ बदलत असताना, सहज निसटून जातो.

टेपचा वेग असा कमी-जास्त करणंही बटण फिरवण्याइतकं सोपं नव्हतं. त्या यंत्रांच्या मोटरचा वेग विजेच्या कंपनसंख्येला बांधलेला असे. ब्रिटनमध्ये, आपल्यासारखीच, ५० हर्ट्झ. म्हणून भिंतीतल्या विजेऐवजी मोटरला वेगळ्या ऑसिलेटरमधून, मोठ्या ॲम्प्लिफायरमार्फत, हव्या त्या कंपनसंख्येची वीज पुरवायची. २२ डिसेंबरला मार्टिन आणि एमरिक यांनी वेग जुळवला, टेप कापली, चिकटवली. काप सरळ आडवा घेतला तर सांध्यावर ‘टक्’ असा आवाज येतो, म्हणून तो तिरका घेतात. पाव इंच रुंदीच्या टेपवर ४५ अंशांचा काप हेडसमोरून जायला १७ मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. तेवढ्या वेळात जुना आवाज विरत जातो आणि नवा भरत जातो. काप आणखी तिरका घेतला तर हा बदल आणखी सावकाश होतो.

या जोडकामातून एक गोष्ट अशी घडली जी कोणी मागितली नव्हती, आणि माझ्या मते गाण्याचा जीव तिच्यातच आहे. गायक स्वतः खालच्या सुरात गातो तेव्हा त्याच्या स्वरतंतूंची कंपनं कमी होतात, पण घसा आणि तोंड यांची पोकळी तेवढीच राहते. प्रौढ पुरुषात ती सुमारे १७ सेंटिमीटर लांब असते. काही ठरावीक कंपनं तिच्यात जास्त घुमतात आणि त्यावरूनच आपण आवाज ओळखतो. टेप हळू केली की मात्र सूर आणि ही घुमणारी कंपनं सगळीच एकत्र खाली येतात. एका कळीइतकं खाली आणलं तर कानाला वाटतं की गायकाची पोकळी १७ ची १८ सेंटिमीटर झाली. शिवाय व्यंजनं लांबतात, आवाजातला कंप मंदावतो. मेंदूला हा माणूस ओळखीचा वाटतो, तरी कुठेतरी काहीतरी चुकतंय असंही वाटत राहतं. साठाव्या सेकंदानंतरचा लेनन पाण्याखालून गातोय असा जो भास होतो, त्याचं मोठं कारण हे आहे.

मुंबईचा धागाही याच भागात आहे. अंतऱ्याकडे वळताना तारांची एक उतरती झणक ऐकू येते. ते आपलं स्वरमंडळ, हॅरिसनने ९ डिसेंबरला वाजवलेलं. ख्यालगायकाच्या मांडीवर असतं तेच. त्याचा आवाजही २६ व्या टेकवर असल्यामुळे बाकी सगळ्यांबरोबर मंदावला आणि खाली उतरला, म्हणून ओळखायला क्षणभर वेळ लागतो. हॅरिसन जानेवारी १९६८मध्ये पुन्हा मुंबईत आला आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन त्याने ध्वनिमुद्रण केलं. तो स्वतंत्र विषय आहे.

फेब्रुवारी १९६७मध्ये ‘पेनी लेन’बरोबर ही तबकडी बाजारात आली आणि ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर अडली. पहिल्यावर होतं एंगेलबर्ट हंपरडिंकचं ‘रिलीज मी’. बीटल्स संपले की काय अशी चर्चा झाली, जी आज वाचताना हसू येतं. शेवटी गाणं विरून पुन्हा वर येतं तिथे लेनन ‘क्रॅनबेरी सॉस’ असं पुटपुटतो. काहींना त्यात पॉलला पुरल्याची कबुली ऐकू आली आणि १९६९मध्ये पॉल मेल्याच्या अफवेला हाही पुरावा जोडला गेला. अस्पष्ट आवाजात काय ऐकायचं ते आधी सांगितलं की माणसाला तेच ऐकू येतं. असल्या ‘पुराव्यांचं’ इंगित एवढंच.

सूर आणि लय यांची गाठ सोडवण्याचा एक मार्ग तेव्हा कागदावर येतच होता. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या फ्लॅनगन आणि गोल्डन यांचा ‘फेज व्होकोडर’वरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला नोव्हेंबर १९६६मध्ये, म्हणजे हे गाणं सुरू झालं त्याच महिन्यात. कल्पना अशी की आवाजाचे अगदी छोटे, एकमेकांवर चढलेले तुकडे करायचे, प्रत्येकात कोणती कंपनं किती आहेत ते मोजायचं, आणि ते तुकडे जवळ किंवा लांब मांडून आवाज पुन्हा रचायचा. काळ बदलतो, सूर तसाच राहतो. व्हॉट्सॲपवरचा निरोप आपण दीडपट वेगाने ऐकतो आणि तरी बोलणाऱ्याचा आवाज चिरका होत नाही, त्यामागे याच जातीचं गणित असतं. हे तंत्र लंडनच्या त्या खोलीत असतं तर मार्टिनने पट्टी आणि लय वेगवेगळी, बिनचूक जुळवली असती आणि लेननचा आवाजही ठीकठाक राहिला असता. गाणं मग थोडं कमी विचित्र झालं असतं, आणि ते मला तरी नको आहे.

लेननचं मत वेगळं होतं. पुढे त्याने मार्टिनला सांगितलं की आपली सगळी गाणी पुन्हा करावीशी वाटतात, हे तर नक्कीच. ते राहिलं. २००६मध्ये मार्टिन आणि त्याचा मुलगा जाइल्स यांनी ‘लव्ह’ या अल्बमसाठी जुन्या टेप संगणकावर घेतल्या आणि हे गाणं पुन्हा जुळवलं. लेननच्या घरगुती नमुन्यापासून सुरू करून पहिला टेक, सातवा टेक, मग सव्विसावा. या वेळी सांधे आणखी वाढले होते.